अपलोडची वाटणी

माझी भाची खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. दवाखान्यात ऐकू न येणारा पेशंट डॉक्टरांसमोर बसतो, टेबलावरच्या पडद्यावर ही दिसते. डॉक्टर बोलतात ते ही हातांनी सांगते आणि पेशंटच्या हातांचं बोलणं डॉक्टरांना ऐकवते. हे सगळं आमच्या घरातल्या मागच्या खोलीतून चालतं. या कामात आवाज एकवेळ खरखरला तरी निभावतं, पण पडद्यावरचा हात मधेच थिजला तर गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे पेशंटला कळणार कसं?

आणि तिचे हात थिजत होते. पंधरा दिवसांत तीनदा पुरते, एरवी अधूनमधून. शेवटी दवाखान्यातल्या मुख्य बाईंनी सांगून टाकलं की गुरुवारी अकरा वाजता तासभराची चाचणी होईल, खरे डॉक्टर, खरा पेशंट. चित्र अडकलं तर कायमची जागा दुसऱ्या मुलीला. भाचीने हे मला बुधवारी दुपारी सांगितलं आणि सांगता सांगता रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांचा राग येतो, विशेषतः त्यांचं रडणं रास्त असतं तेव्हा.

"डोळे पूस," मी म्हटलं. "राउटर आपल्याच घरात आहे ना? संध्याकाळपर्यंत करते."

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. चार तारांवरून चाळीस माणसांना बोलतं ठेवायचं, हाच माझा धंदा. नम्रपणा मला कधी जमला नाही आणि बोर्डासमोर त्यावाचून कधी अडलंही नाही.

कंपनीचा माणूस आधी येऊन गेला होता. मोबाइलवर आकडा दाखवून 'स्पीड फुल आहे' म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्याने मोजला तो डाउनलोड, म्हणजे बाहेरून घरात येणारा. आमची तक्रार घरातून बाहेर जाणाऱ्याची, अपलोडची. नळाला पाणी येतंय हे दाखवून गेला, तुंबली होती मोरी.

मी राउटरला वायर जोडून अपलोड मोजला. एकदा नाही, तीनदा, तासातासाने. अठरा, सतरा, पुन्हा सतरा. मग राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. तिथे अपलोडची मर्यादा लिहायची एक चौकट असते. त्यात लिहिलं होतं वीस.

हे काम माझ्या धाकट्या भावाचं, म्हणजे भाचीच्या बापाचं. तो मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता निवृत्त होऊन जुने नकाशे स्कॅन करतो आणि इंटरनेटवर साठवायला पाठवतो. एकेक नकाशा भला थोरला. प्लॅनच्या कागदावर वीस लिहिलंय म्हणून त्याने चौकटीत वीस घातले होते. मी खोडून पंधरा केले, तेव्हा तो चष्मा काढून उभा राहिला. जे हक्काचं आहे ते आपण होऊन का सोडायचं, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे माझ्या मानाने. तार सतराची असताना आपण वीस सोडले की रांग लागते बाहेर, कंपनीच्या डब्यात, आणि तिथे आपलं कुणी ऐकत नाही. आपण पंधराच सोडले की रांग घरातच लागते, आणि घरात कुणी आधी जायचं ते आपण ठरवतो. त्याला पटलं नाही, पण मी मोठी बहीण आहे.

संध्याकाळी तालीम घेतली. भावाने नकाशा पाठवायला लावला, भाचीने मैत्रिणीला व्हिडिओ कॉल केला. दोन मिनिटांत मैत्रीण म्हणाली, हात अडकला.

खोटं कशाला बोलू, माझं तोंड उतरलं. पंधराचे तेरा केले, तरी तेच. भाची नुसती नखं कुरतडत बसली. ते मला जास्त लागलं. मग मी त्या पानावरचं एकेक ओळ करून सगळं वाचायला घेतलं आणि खाली प्राधान्याची यादी सापडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरातल्या प्रत्येक यंत्रासमोर त्याचा नंबर. भाचीचा लॅपटॉप, पहिला. भावजय व्हिडिओवर शिवण शिकवते तो टॅब, पहिला. माझा मोबाइल, पहिला. भावाचा कॉम्प्युटर, पहिला. प्रिंटरसुद्धा पहिला. सब घोडे बारा टक्के!

आधी मी पोट धरून हसले, मग भावाला हाक मारली आणि विचारलं, हे काय आहे?

"कुणाला दुसरा देऊ?" तो म्हणाला. "ताई, मी अशी घरं बघितलीत की वाटणीत वीतभर जमीन इकडेतिकडे झाली आणि सख्खे भाऊ पुन्हा बोलले नाहीत. आपल्या घरात सगळे सारखे."

माझ्या जिभेवर चार शब्द आले होते, ते मी गिळले. वेडेपणा खराच, पण त्यामागे माया होती. तरी सांगणं भागच होतं. सगळेच पहिले असले की जो दांडगा तो पुढे घुसतो, आणि या घरातला दांडगा म्हणजे त्याचा नकाशा. एक्स्चेंजमध्ये डॉक्टरचा कॉल आला की मी मोठमोठ्या साहेबांना थांबवलं होतं. मर्यादा पुन्हा पंधरावर नेली आणि त्याच्यासमोरच नंबर बदलले. भाची पहिली, भावजय दुसरी, मी तिसरी. शेवटी प्रिंटर आणि तो. तो चपला घालून फिरायला निघून गेला. मला वाईट वाटलं, पण नंबर मी बदलले नाहीत.

गुरुवारी सकाळी भावजय म्हणाली, "ताई, तासाभरासाठी आपण सगळेच बंद ठेवूया का? पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

मी नाही म्हटलं. आज सगळे बंद बसलो तर आजची चाचणी निघेल, पण उद्यापासून रोज आठ तास काय, घराला कुलूप लावणार? तालीम पुन्हा घ्यायला वेळ उरला नव्हता. भाचीने केस बांधले आणि म्हणाली, "आत्या म्हणते तसंच होऊ दे."

अकराला भावजयीचा शिवणाचा वर्ग सुरू झाला. तारेवर रोजच्यासारखी गर्दी असावी म्हणून मी एक्स्चेंजमधल्या तिघी मैत्रिणींना व्हिडिओ कॉल लावला, त्यांना मुकाट्याने बसायला सांगितलं आणि राउटरचं पान उघडून आकडे बघत राहिले. त्यांनी मुकाट बसणं हाच एक चमत्कार. भावाने घरातला सगळ्यात मोठा नकाशा काढला, पाठवायला लावला आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. एरवी वीस मिनिटांचं काम. मागच्या खोलीचं दार बंद होतं, कानोसा घेऊन काही कळायची सोय नव्हती.

बारा वाजून पाच मिनिटांनी भाची बाहेर आली. येऊन सरळ जमिनीवरच बसली. जागा मिळाली, सोमवारपासून रोज, असं सांगून झालं तरी ती आपले हात उलटेसुलटे करून बघत होती.

"एक आजोबा होते," ती म्हणाली. "ते दर वेळी दोन वाक्यांनंतर 'पुन्हा सांग' अशी खूण करतात. मला वाटायचं, वयामुळे. आज तासभरात एकदाही केली नाही. त्यांना माझं सगळं कळत होतं, आत्या. माझे हातच पोचत नव्हते त्यांच्यापर्यंत."

भावजयीने डोळ्यांना पदर लावला आणि मला या वेळी राग आला नाही. भावाच्या पडद्यावर नकाशा अजून रखडत होता, ब्याण्णव टक्क्यांवर. तो उठून माझ्याजवळ आला, उघड्या पानावरची यादी वरपासून खालपर्यंत बघितली.

"ताई, माझा नंबर आणखी खाली जातो का?"

"नाही रे. तू शेवटीच आहेस."

"मग तिथेच राहू दे," तो म्हणाला आणि पुन्हा नकाशासमोर जाऊन बसला.