तिसऱ्या दिवसाचं भूत

"निंगलं! भूत निंगलं!"

भर दुपारी, दारू सोडवणाऱ्या बाबांच्या अंगणात पार नाकाडोंगरीपासूनची माणसं हात जोडून उभी होती. मधोमध चिंधू, घामाने निथळत, अंगावर नसलेल्या मुंग्या झटकत. "काढा रे! मुंग्या चढून राहिल्या!"

रविवारी बाबांनी त्याची वीस वर्षांची दारू एका शपथेत तोडली होती आणि सांगितलं होतं, दारूचं भूत तिसऱ्या दिवशी बाहेर येईल. आज बुधवार. लोकांना आणखी काय हवं?

मी गावची आशा सेविका, गोदावरी. मला भुताची नाही, चिंधूची भीती वाटत होती. गेल्या साली असाच थरथरणारा एक माणूस माझ्यासमोर झटके येऊन गेला होता.

"दवाखान्यात नेऊ," मी म्हणाले.

"सुईनं भूत मरते काय, बाई?" बाबा हसले. "घे बेटा, तीर्थ घे. सात दिवस इथंच राहा."

कापराच्या वासाचं ते तीर्थ चिंधूने घटाघटा प्यायलं. थोड्या वेळात हात स्थिरावले. जयजयकार झाला.

त्याची बायको निर्मला मात्र रिकामी होत आलेली वाटी हुंगत बसली. तिच्या बापाची मोहफुलाची भट्टी होती. तिने उरलेल्या तीर्थाला पेटती काडी लावली. निळी ज्योत उठली.

"पहिल्या धारेची हाय. बाबा, तुमी याले दारूच पाजून राहिले!"

पहिल्या धारेची मोहाची दारू पेटते, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

मी ओरडूनच सांगितलं, "रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की दोन-तीन दिसात अंग असंच बिथरते. दारू पोटात गेली की थांबते. बाबाले हे पाठ हाय! पर झटका आला तं जीव जाते!"

ऑटो मिळेपर्यंत दोन तास गेले. वाटेत थरथर परत सुरू झाली, चिंधूचे डोळे फिरले. "मरते काय वो हा?" निर्मलाने माझा हात घट्ट धरला. मी चिंधूला कुशीवर वळवून धरलं.

दवाखान्यात औषधं सुरू झाली. पाचव्या दिवशी मुंग्या गेल्या. मग समुपदेशक तृप्ती मॅडम आल्या. त्यांनी शपथ घातली नाही. विचारलं, "सकाळचा पहिला घोट कशासाठी लागतो, भाऊ?"

"नाही घेतला तं भेव लागते," म्हणत चिंधू रडला. आमच्यापैकी कोणी त्याला हे कधी विचारलंच नव्हतं.

दर आठवड्याला बोलणं चालू राहिलं. पोळ्याला तो एकदा घसरला. मॅडम फोनवर म्हणाल्या, "आजार आहे, उलटतो. या परत." दुसऱ्या दिवशी तो एकटाच बसमध्ये चढला.

बायांनो, बाप्यांनो, व्यसन हा आजार आहे. रोज पिणाऱ्याला डॉक्टरांशिवाय एकदम सोडायला लावू नका. हात कापू लागले, भलतंच दिसू लागलं, तर थेट दवाखाना गाठा. त्या दिवशी आम्ही तसेच हात जोडून उभे राहिलो असतो, तर आज चिंधू नसता.