दोरीवरची चोळी

"गोळी चालू असताना अंगात काही वेगळं दिसलं तर लगेच सांगा," असं डॉक्टर म्हणाले होते आणि महादेवी हसली होती – पन्नाशी ओलांडलेल्या सासूबाईंच्या अंगात वेगळं ते काय दिसणार! – आणि आता ती चोळी तिच्या हातात होती, विटलेल्या हिरव्या खणाची, उन्हानं कडक झालेली, आणि डाव्या बाजूला एक गोल डाग, खळ दिल्यासारखा ताठ. बोटानं दाबला की मोडत होता. सासूबाई जाताना ही दोरीवरच विसरल्या. विसरल्या, की ठेवून गेल्या...

धुवावी तर पाणी कुठलं. आणि पाणी असतं तरी तिनं धुतली असती का, हे तिला सांगता आलं नसतं.

पाळण्यात बाळ कुरकुरलं. याच उन्हाळ्यात – कारण हा उन्हाळा संपलेलाच नाही, पाऊस नसला की महिने सरतात, ऋतू तिथंच बसून राहतो – तिचं दूध आटलं होतं. हळूहळू नाही, विहिरीसारखं. सकाळी होतं आणि संध्याकाळी नव्हतं. मग रडणाऱ्या पोराला सासूबाईंनी, मथुराबाईंनी, पदराखाली घेतलं. त्यात नवल काही नव्हतं. सास्तूर गावात कुठलीही आजी घेते, सुकी छाती देते, पोर चोखत चोखत फसतं आणि झोपतं. पण हे पोर फसलं नव्हतं, ते प्यायलं होतं. त्याच्या ओठाच्या कडेला पांढरा थेंब होता.

"म्या नुसतं गप कराया दिलं गं," मथुराबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या होत्या. "आलं. ह्या वयात! कुठनं आलं, म्या काय सांगू?"

कुठून आलं ते महादेवीला त्याच क्षणी समजलं होतं. रोज न्याहारीनंतर, हातावर पाणी देऊन, ती स्वतःच तर ती बारीक पांढरी गोळी सासूला देत होती. मग बोलली का नाही? कारण बाळ झोपलं होतं. पोट भरून, मुठी उघड्या टाकून. त्या झोपेकडं बघत ती बसली, आणि छातीत काहीतरी जळत होतं. आपलं पोर दुसऱ्याच्या अंगावर तृप्त झालेलं बघण्याचं... आणि मग त्याहून वाईट विचार – गोळी दुधात उतरत असेल का? हे झोपतंय ते पोट भरल्यानं, की...

तिनं बाळ काढून घेतलं. मथुराबाईंनी हात तसेच ठेवले, थोडा वेळ, पोर अजून त्यात असल्यासारखे.

दूध मात्र थांबलं नाही. टँकरच्या रांगेत घागर उचलताना शेजारच्या कडूबाईंनीच आधी पाहिलं.

"मथुराबाई, पदर सारखा करा की. ओलं कशानं झालंय?"

"गोळीनं होतं तसं, कडूबाई," महादेवी घाईनं म्हणाली, बी.ए. झालेल्या आवाजात. "रक्तदाबाची गोळी आहे. क्वचित होतं."

"गोळीनं? अगं बया! मग आमच्या म्हशीला दे की दोन. सोसायटीत शेरभर तरी घालीन!"

सगळ्या हसल्या. महादेवीसुद्धा, अर्धवट. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "नवरा जाऊन लई सालं झाली न्हवं हिचा?" आणि त्यावर कुणीच हसलं नाही. मथुराबाईंनी घागर खाली ठेवली. भरलेली होती ती.

दुसऱ्या दिवशी महादेवी बाळाला घेऊन दवाखान्यात गेली. बाळाला काही नाही, डॉक्टर म्हणाले. फक्त ते दूध नको. "सासूबाईंना घेऊन या, तपासून गोळी बदलू. मनानं एकदम बंद करायची नाही, दाब उसळतो. आणि लक्ष ठेवा – या गोळीनं काहींचं मन फार खचतं, गोळी सोडल्यावरही." लक्ष... ती घरी आली तेव्हा मथुराबाई सकाळच्याच एस.टी.नं भूमला भावाकडं गेलेल्या होत्या. गोळ्यांची पुडी देवळीत तशीच होती.

"येईल आई," तिचा नवरा शरणबसप्पा म्हणाला. तो दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दूधच नाही म्हणून सोसायटीच्या पत्र्याखाली आता चारा छावणीची जनावरं उभी. "तिथं तिला कुणी बोलणार नाही."

"तुम्ही जा ना. मामांना सांगा, गोळी का सुटली."

"काय सांगू?" त्यानं वर पाहिलं नाही. "मामाला? आईचं... ते? मी?"

आणि ती बघत राहिली – हा मुलगा आपल्या आईबद्दल तो एक शब्द कधीच उच्चारू शकणार नाही, आणि त्या एका शब्दाशिवाय कुणाला काही कळणार नाही.

मीही जाणार होते – ही महादेवी म्हणजे मीच. कुणाशी काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, तिकडच्या बायकांशी, मामींशी... पण मला आता इथल्या शेवटच्या दिवसांतल्या आत्याबाई, माझ्या सासूबाई, आठवतात – चुलीपुढं बसलेल्या, भाकरी करपतेय, वास सुटलाय आणि त्यांना तो येत नाही. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी कोण ते आठवत असल्यासारखं. मला तेव्हा वाटलं, लाजल्या. लाज नव्हती ती, मन खचलं होतं. आणि मी गेले तरी काय आणणार परत? कुणाला? आतून कडी लावलेल्या घरावर थाप मारत राहावं तसं आता मला माझं बोलणं वाटतं.

तुमच्यापैकी कुणी बाजाराला भूमला जाणार असेल तर स्टँडमागं त्यांच्या भावाचं, धोंडप्पांचं घर विचारा, कुणीही दाखवील. आत जा. दुधाचं काही काढू नका. ही पुडी पोचवा म्हणून मी सांगणार नाही. फक्त बघा, त्या भिंतीकडं तोंड करून बसल्यात का. मथुराबाई, अशी हाक मारा. वळून बघतात का... तेवढं बघा.