निरोप कुणाच्या पोटात

बस मित्रा, टेक जरा. आमच्या पोराच्या, भोंग्याच्या निरोपांचं शेवटी काय झालं ते सांगतो. मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं पुरं व्हायचं नाही.

आमची पोरगी कॉम्प्युटरवाली. आपल्या ट्रकच्या ऑफिसला ड्रायव्हर लोकांसाठी निरोपांचं अ‍ॅप हवं होतं, ते तिनंच लिहायला घेतलं. टेबलावर कागद पसरून मला समजवायची, "बाबा, क्लास म्हणजे साचा. एक माणसाचा, एक निरोपाचा, एक गटाचा. साच्यातून हवे तेवढे काढा." इथवर मला कळलं. पुढं तीच अडली. निरोप ठेवायचा कुणाच्या पोटात? पाठवणाऱ्याच्या का घेणाऱ्याच्या?

भोंग्या गाडीवर निघालेला, दारात बूट घालत होता. म्हणाला, "ताई, डोकं कशाला पिकवतेस? जो बोलला त्याचा निरोप. ऐकणाऱ्याचा कसला? आई ऐकते का माझं कधी?"

"निघ मेल्या!" ही, त्याची आई, ओट्यापासून ओरडली. आम्ही सगळे हसलो. पोरीनं तसंच लिहिलं.

रोज गाडी लावली की भोंग्या त्याच अ‍ॅपवरून आईच्या फोनवर बोलून निरोप धाडायचा. "आई, पोचलो गं. जेवलो. झोप आता."

मग उतारावर ब्रेक गेले. तुला ठाऊकच आहे.

ही रडली नाही बघ. सकाळी फोन कानाला लावायची, त्याचं "पोचलो गं" ऐकायची, मगच चहा ठेवायची. तेवढ्यावर चालली होती बाई.

ऑफिसातल्या बाईनं कामावर नसलेल्यांची नावं अ‍ॅपमधून काढून टाकली. तिचं कामच ते. माणूस काढला, तसं त्याच्या पोटातलंही सगळं गेलं. सकाळी ही फोन झटकत बसलेली, बंद पडलेलं घड्याळ झटकतात तशी.

"परत आण," मी पोरीला म्हणालो.

"कुठून आणू बाबा? मीच लिहिलंय तसं. माणूस पुसला की त्याचे निरोप सगळ्यांच्या फोनवरून पुसायचे. फोन नेटला लागला की गेले."

"मग दुरुस्त कर!"

"केलंय. आता पुढच्यांचे राहतील."

तेव्हापासून ही पोरीशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. पोरगी तशीच उठते.

म्हणून आलो रे. तुझा जुना फोन चार्जिंग संपून कपाटात पडलाय म्हणे, नावं काढली त्याच्या आधीपासून. ड्रायव्हरांच्या गटात भोंग्याची बडबड असेलच त्यात. एक कर माझ्यासाठी. हौसेनं चालू करून बघू नकोस, बाबा. तसाच बंद, आमच्या पोरीच्या हातात आणून दे.