उजवीकडचा खिसा

मित्रांनो, पायाने चालवायचे, काळ्या रंगाचे, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसून गेलेले एक शिलाई मशीन तुमच्याशी बोलत आहे. सीरियातल्या होम्स शहरात, एका शिंप्याच्या मागच्या खोलीत मी पडून आहे. जुन्या वस्तू बहुधा आपण किती राबलो ते सांगतात. राबले तर मीही. पण मला सांगायचे आहे ते एका कोटाबद्दल, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

जर्मनीतल्या एका कारखान्यात मी तयार झाले. जहाजाने बैरुतला आणि तिथून मालमोटारीने होम्सला आले. माझे मालक अबू रातिब. ते सकाळी आधी माझ्या चाकाला तेल घालीत आणि मग स्वतः कॉफी पीत.

१९५८ च्या फेब्रुवारीत सीरिया आणि इजिप्त मिळून एक देश झाला. त्या महिन्यात मी सदरा शिवल्याचे आठवत नाही. फक्त झेंडे. लाल, पांढरा, काळा पट्टा आणि मधे दोन हिरवे तारे. एक आमचा, एक त्यांचा. "तारा वाकडा गेला तर लोक म्हणतील, अबू रातिबला ही एकी नको होती," असे म्हणत मालक कापड जपून सरकवीत. गल्लीतले लोक माझ्या टाक्यांची तारीफ करीत. मला ती आवडे.

त्याच वर्षी कैरोहून उस्ताद शहाता आले. ते शाळेत भूगोल शिकवीत आणि दुकानावरच्या खोलीत राहात. संध्याकाळी मालकांसमोर स्टुलावर येऊन बसत.

"उस्ताद, एकाच घराच्या या खोलीतून त्या खोलीत जायला मधे समुद्र लागतो. हे कसलं घर?"

"मोठं घर आहे, अबू रातिब. होम्सवाल्यांना सवय नाही."

"मग शिकवा की."

"आधी उसळीत तीळ वाटून घालणं सोडा, मग शिकवतो."

उस्तादांकडे एकच कोट होता, तपकिरी, उन्हाने विटलेला. मालकांनी तो उलटायचे ठरवले. सगळे टाके उसवायचे, कापडाची आतली बाजू बाहेर करायची आणि कोट पुन्हा शिवायचा. कोट नव्यासारखा दिसतो. एकच अडचण असते: डावी बाजू उजवीकडे जाते, आणि छातीवरचा खिसाही.

"खिसा उजवीकडे जाईल," मालकांनी बजावले.

"जाऊ द्या. शाळेत खिसा कोण बघतो?"

"शिंपी बघतो. बाकी कोणाच्या लक्षात यायचं नाही, आणि मी कोणाला सांगणार नाही."

तो कोट मी दोन दिवसांत शिवला. माझ्या हातून झालेले ते सर्वांत नीट काम होते.

पुढची तीन वर्षे पाऊस कमी झाला. मोठ्या जागांवर कैरोची माणसे बसली. कोण काय बोलतो याच्या चुगल्या वर जाऊ लागल्या. उस्ताद दुकानात आले की गिऱ्हाइके गप्प होत. पुढेपुढे मालकही माझे चाक जरा जोरात फिरवू लागले, म्हणजे बोलावे लागत नसे.

१९६१ च्या सप्टेंबरच्या शेवटी दमास्कसच्या रेडिओने एकी मोडल्याचे सांगितले. इजिप्तच्या लोकांना पकडून सरहद्दीपार करू लागले. वाटेत कोणाच्या हाती कोण सापडेल याचा नेम नव्हता. दोन दिवसांनी सकाळी उस्ताद खाली आले. अंगात तोच कोट.

"बैरुतच्या मोटारीत जागा मिळाली आहे. तोंड उघडून कैरोची बोली ऐकवली नाही, तर मी होम्सचाच दिसतो."

मालकांच्या पत्नी उम्म रातिब यांनी भाकरी आणि तेलात मुरवलेली वांगी बांधून दिली. "पोहोचलात की कळवा, भाऊ," त्या म्हणाल्या.

ते गेले आणि थोड्याच वेळात दोन माणसे दारात उभी राहिली. होम्सचीच, पण आमच्या गल्लीतली नव्हेत; दंडाला फडके बांधलेली.

"वरचा मास्तर कुठाय?"

"गेला."

"दिसतो कसा?"

"कसा म्हणजे? माणसासारखा."

एकजण हसला. दुसऱ्याने कोपऱ्यातले झेंड्याचे जुने तुकडे पायाने उलटेपालटे केले. "दोन ताऱ्यांचे झेंडे इथेच शिवले ना, चाचा?"

मालकांचा पाय पायडलवर थांबला, आणि माझे चाकही. त्यांना कोणी मारले नव्हते. धमकीही दिली नव्हती.

"तपकिरी कोट," ते म्हणाले. "वरचा खिसा उजवीकडे."

दुपारी त्या मोटारीचा ड्रायव्हर आपल्या सदऱ्याची फाटलेली बाही शिवून घ्यायला आला. त्याने सांगितले, मोटारीत पाचजण होते. त्या दोघांनी कोणाला नाव विचारले नाही, बोलायला लावले नाही. फक्त खिसे पाहिले. उस्तादांना बाहेर ओढून रस्त्यात मारले. नंतर त्याच्याकडूनच कळले, की तीन दिवसांनी त्यांना सरहद्दीपार ढकलले, तेव्हा चष्म्याची एक काच नव्हती आणि डावा हात गळ्यात बांधलेला होता. पुढचे मला ठाऊक नाही. पत्र आले नाही.

त्या दुपारी उम्म रातिब यांनी विचारले, "खिशाचं त्यांना कोणी सांगितलं?"

"काय ठाऊक. मशीन चालू होतं. मला काही ऐकू आलं नाही," मालक म्हणाले.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि आत गेल्या. नंतर मालकांनी एकही कोट उलटला नाही. पुढे विजेवरचे मशीन आले आणि मला मागे ठेवले. याची मला तक्रार नाही. ज्या टाक्यांची मला एवढी घमेंड होती, त्यांनीच एका माणसाला पकडून दिले.

मित्रांनो, मला तेल घाला असे मी म्हणणार नाही. कोणी येऊन एखाद्याची खूण विचारली, तर "मी पाहिलं नाही" एवढे म्हणून बघा. आणि उस्ताद शहातांचे कोणी कधी या गावी आले, तर त्यांना माझा निरोप द्या. त्या वेळी मशीन बंद होते. दुकानात सगळे स्वच्छ ऐकू येत होते.