अध्यक्षांनी ताणलेला बेडूक

मी बेडूक बोलतोय. डबक्यातला नव्हे, बोधचिन्हातला! ऐकू न येणाऱ्या मुलांना फुकट फुटबॉल शिकवणाऱ्या एका संस्थेचं मी चिन्ह. हिरवागार, उंच उडी मारणारा.

अध्यक्षांच्या नातीनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काढलं. मुलं मला पाहताच खिदळली. प्रशिक्षक ताईंनी त्यांना खुणांनी एकच नियम शिकवला: चुकामूक झाली, तर हा बेडूक दिसेल तिथे थांबायचं. हाका मारून उपयोग नसतो ना!

पण मोठ्यांचे हात फार शिवशिवतात. बॅनर लांबलचक निघालं, म्हणून अध्यक्षांनी मला ताणलं. पार सुसर झाली माझी! खजिनदारकाकांना हिरवा रंग उदास वाटला. त्यांनी मला जांभळा करून बसवर चिकटवलं, वर मुकुट!

नात कडाडली, "आबा, तुमची सही रोज वेगळी केलीत तर बँक चालवून घेईल?"

"अगं, बेडूक तो बेडूकच. चार पावसाळे जास्त पाहिलेत आम्ही."

"मग त्यात मुकुट घातलेला बेडूक कितीदा दिसला?"

आबांनी पेपर तोंडासमोर धरला.

पुढे परगावी सामना झाला. जाताना मुलं रेल्वेनं गेली, परतीसाठी आमची बस मागून आली. सामन्यानंतर आमची गोलरक्षक चिमणी तोंड धुवायला गेली, ती परतलीच नाही. बाहेर बसच बस उभ्या. अध्यक्षांनी लाउडस्पीकरवरून तिचं नाव पुकारलं. धन्य! ऐकणार कोण? ते ध्यानात आलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नातीला ती मैदानाच्या टोकाला सापडली, चेंडूंच्या जुन्या पिशवीला मिठी मारून बसलेली. पिशवीवर मी होतो. हिरवा. रडून तिचे डोळे सुजले होते, पण जागा सोडली नव्हती.

"बसपाशी का नाही आलीस गं?" आबांनी विचारलं. ताईंनी ते खुणांनी सांगितलं. चिमणीची बोटं भराभर नाचली.

"म्हणतेय, दोनदा आले होते," ताई म्हणाल्या. "पण ती बस दुसऱ्याच कुणाची. त्यांचा बेडूक जांभळा आहे."

आबांनी खिशातून किल्ली काढली आणि मुकुटापासून खरवडायला सुरुवात केली.

आता शर्टावर, बसवर, बाटल्यांवर मी अगदी सारखा. काकांना कंटाळा येतो. येऊ दे! मोठ्या माणसांनो, रंगवायची हौस आली तर घरची भिंत रंगवा. मला राहू द्या जसा आहे तसा. गर्दीत कुणाचे तरी डोळे मलाच शोधत असतात.