थुंकी परवडली

मी माईक बोलतोय. जन्मात पहिल्यांदाच बोलतोय, हे आधी सांगून टाकतो. आजवर मी नुसतं ऐकत आलो आणि माणसांचं ऐकून ऐकून मला आता शिसारी आली आहे, म्हणून हे तोंड उघडलं.

मला घडवणाऱ्या हातांवर पांढरे हातमोजे होते. माझ्या आतला पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, म्हणून कारखान्यातल्या बायका श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडायच्या. एवढ्या लाडात वाढलेल्या मला तिथून थेट स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कादिझच्या नभोवाणी केंद्रात आणून टांगलं. एक तर ती समुद्राची चिकट, खारी हवा. त्यात समोर माणसांची तोंडं! कुणी तळलेली मासळी खाऊन आलेला, कुणी बडीशेपेची दारू ढोसून, कुणी चिरूट विझवून तसाच आत शिरलेला. श्रुतिकेतला राजा मरता मरता इतका थुंकायचा की शेवटी माझ्यासमोर एका कडीवर कुणा बाईचा जुना पायमोजा ताणून बसवला. याहून किळसवाणं जगात काही नसेल, असं मला तेव्हा वाटायचं. मी किती भोळा होतो!

त्या श्रुतिकांमध्ये एन्कार्ना नावाची एक मुलगी होती. ती बोलायला लागली की माझा पडदा थुंकी विसरायचा. तिचं बोलणं अस्सल कादिझचं, अर्धे शब्द पोटात आणि अर्धे हसण्यात. गावातल्या बायका चूल सोडून तिला ऐकत बसायच्या.

पुढे केंद्र बंद पडलं. मला त्याच गावातल्या एका तळघरातल्या स्टुडिओला विकलं. तिथे परदेशी लोकांसाठी भाषेचे धडे ध्वनिमुद्रित करतात. भिंतींना लावलेल्या स्पंजाला बुरशीचा वास येतो आणि त्या वासात दिवसभर ‘हे टेबल आहे’, ‘हे टेबल आहे का?’, ‘होय, हे टेबल आहे’ असली वाक्यं. सगळ्यांना दिसतंय ना ते टेबल? मग विचारता कशाला!

एके दिवशी तिथे एन्कार्ना आली. केस पांढरे झालेले, आवाज मात्र तोच. ‘पहिल्यापासून स्पॅनिश’ या कोर्ससाठी तिला बोलावलं होतं. तिने मला ओळखलं. रुमालाने माझी जाळी पुसली आणि म्हणाली, “अजून जिवंत आहेस होय रे मेल्या?”

तिचा मुलगा जहाजबांधणीच्या कामावर जर्मनीत ब्रेमेनला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या मुलीला, लेनीला, आजीची भाषा येत नाही. फोनवर दोघी नुसत्या हसतात, मग दोघींनाही काही सुचत नाही. मुलाने लेनीसाठी हाच कोर्स घ्यायचं कबूल केलं होतं.

“कोण बोलतंय ते तिला सांगू नको म्हटलंय मी मुलाला,” एन्कार्ना गर्वासियोला म्हणाली. “बघू तरी, पोर आजीला ओळखते का!”

गर्वासियो तिथला दिग्दर्शक, उत्तरेकडचा. तोंडात सदानकदा पेपरमिंट. तो म्हणाला, “ते सगळं ठीक आहे, एन्कार्नाबाई. पण अक्षरं गिळू नका. स्वच्छ बोला.”

स्वच्छ! म्हणजे या गावाचं बोलणं गटारातलं की काय?

“मी अक्षरं गिळते? तरीच वजन उतरत नाहीये माझं,” ती म्हणाली. तो हसला नाही.

प्रत्येक वाक्यानंतर थोडा वेळ गप्प राहायचं असतं, शिकणाऱ्याने पाठोपाठ म्हणावं म्हणून. आमच्या गावात दोन माणसं समोरासमोर गप्प बसली तर लोक विचारतात, कोण वारलं? एन्कार्नाला गप्प राहणं जमेना. ती मध्येच म्हणायची, “म्हण गं पोरी, लाजतेस काय!” गर्वासियो ते सगळं कापून टाकायचा. तिचे श्वासही त्याने कापले. श्वास कापताना तो पेपरमिंट चघळत होता.

मग निरोपाचा धडा आला. कागदावर एकच शब्द होता. ‘येते.’

एन्कार्नाने तो तिच्या रीतीने म्हटला. “बरं, येते हं मी. आईला सांग. आणि गळ्याला काहीतरी गुंडाळ, वारा सुटलाय. फोन कर गं. अगं हो, तुझ्या आत्याचं सांगायचंच राहिलं... बरं, ते नंतर. चल, येते.”

“कागदावर एकच शब्द आहे, बाई.”

“एका शब्दात कोण निघतं रे? भांडून जाणारा, नाहीतर मेलेला.”

“जमत नसेल तर माद्रिदहून दुसरी बाई आणतो. सगळे धडे पुन्हा करून घेतो.”

एन्कार्नाने कागद खाली ठेवला. मग माझ्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, “येते.”

धुऊन, उकळून, पिळून काढलेला शब्द. त्यात ती कुठेच नव्हती.

“वा!” गर्वासियो खूश झाला. “आता तुम्ही कुठल्या ते ओळखूसुद्धा येत नाही.”

हे त्याने कौतुकाने म्हटलं. आणि तिने “आभारी आहे” म्हटलं. दोघांचीही किळस आली मला, आणि तो शब्द इमानेइतबारे टिपून घेणाऱ्या माझी तर सगळ्यात जास्त.

कोर्स बाजारात आला, चांगला खपला. दुसऱ्या भागासाठी एन्कार्नाला पुन्हा बोलावलं. ती माझ्यासमोर उभी होती तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेनी होती. एन्कार्नाने फोनचा आवाज मोठा केला, गर्वासियोलाही ऐकू जावा म्हणून.

“आजी, मी रोज त्या बाईचं ऐकते,” लेनी एकेक शब्द जुळवत म्हणाली.

“ऐकतेस गं माझी राणी? मग सांग बघू, कोण आहे ती? अगं नीट आठव, कुणासारखी वाटते?”

मग लेनी म्हणाली, “आजी, मला कळत नाही. तू बरोबर बोलत नाहीस. त्या बाईसारखं बोल ना.”

काचेपलीकडे गर्वासियो हसला. खरंच हसला!

एन्कार्नाने पाठ सरळ केली. फोन तोंडाजवळ धरला आणि त्या धुतलेल्या आवाजात म्हणाली, “नमस्कार, लेनी. तू कशी आहेस? मी ठीक आहे.”

“आता कळलं!” लेनी आनंदाने ओरडली. “छान बोललीस, आजी! तूपण तोच कोर्स शिकतेस का?”

एन्कार्ना म्हणाली, “होय. शिकते.”

“येते,” लेनी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

“चला,” गर्वासियो म्हणाला, “दुसरा भाग, धडा पहिला. आवाज अस्साच ठेवा.” तांबडा दिवा लागला. तिने आवाज तसाच ठेवला.

मला थुंकी परवडली असती हो, मासळी परवडली असती, पण हे नाही. मला उपटा इथून, भंगारात घाला. आणि तुमच्यापैकी कुणी ब्रेमेनला जात असेल तर त्या लेनीला शोधा. तिला सांगा, पोरी, ती बाई म्हणजे तुझी आजीच होती. आजी स्वतः आता हे सांगायची नाही. तिला लाज वाटते.