आईस्क्रीमचा पॉट आणि जाडे मीठ

मी एक जुना आईस्क्रीमचा पॉट आहे. बाहेर लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा आणि वर फिरवायचा दांडा, एवढाच माझा देह. मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे बोईसरच्या कामगार वसाहतीत गेली. उन्हाळ्यात माझ्याभोवती अख्खी चाळ जमायची. मग घरोघरी फ्रीज आले आणि मी माळ्यावर गेलो.

यंदा जवळच्या दांडी गावच्या कोळीवाड्यातल्या माईने मला भंगारवाल्याकडून उचलले. तिच्या लेकीचा, स्नेहलचा साखरपुडा होता आणि पाहुण्यांना घरचे आंब्याचे आईस्क्रीम देणार, असे ती सगळ्या आळीला सांगून बसली होती.

त्या दिवशी बर्फ दोनदा भरला, दांडा फिरवून सगळ्यांचे हात दुखले, तरी डब्यातले आंब्याचे दूध पातळच. पाहुणे मांडवात येऊन बसले.

"पेल्यातून दे माई," शेजारची हिरा म्हणाली. "सांग, आंब्याचं सरबत हाय."

माईचा चेहरा उतरला. तिचा मुलगा कैलास हिमालयातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायचे काम करतो. तो सुट्टीवर आला होता. त्याने मासळी खारवायचे जाडे मीठ ओंजळीत घेतले. माईने त्याचा हात धरला.

"मीठ नको. मासळीच्या पेटीत चुकून पडलं तरी बर्फ पळतो."

"पळू दे. तो पळाला तरच दूध जमेल. आमी घाटात रस्त्यावर हेच टाकतो."

"तिकडं वितळवायला आन इथं गोठवायला? एकच मीठ?"

"एकच."

माईने हात सोडला. कैलासने ते मीठ डब्याभोवतीच्या बर्फावर टाकले.

मित्रांनो, दोघांचेही खरे होते. साधे पाणी शून्य अंशाला गोठते. खारट पाण्याला त्याहून जास्त थंडी लागते. म्हणून मिठाने बर्फ वितळतो. वितळायला उष्णता हवी. रस्त्यावर ती जमिनीतून आणि हवेतून मिळते. माझ्यात ती दुधातून ओढली गेली. नुसता बर्फ शून्यावरच अडला होता, आणि साखरेच्या दुधाला गोठायला त्याच्याही खाली जावे लागते.

हळूहळू दांडा जड झाला. शेवटी तो कैलासलाही फिरवेना. माईने झाकण काढून चमचा रोवला. तो उभा राहिला.

"सरबत कसं झालंय गं?" माईने पहिली वाटी देऊन विचारले. हिराने भरल्या तोंडाने रिकामी वाटी पुढे केली.

संध्याकाळी माईने मला गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले. मीठ लोखंड खाते, हे होडीवाल्यांना सांगावे लागत नाही. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला असेच धुवा, पुसा आणि मुख्य म्हणजे वापरा. मला तर रविवारी हिराकडे बोलावणे आहे. मीठ तिने आजच काढून ठेवले आहे.